आयपीफायरचा वेब प्रॉक्सी आणि मेमरीचा तो लाल-पिवळा ग्राफ

आमचा कॉम्प्युटर क्लास आहे देवगड-जामसंडेला, एमएससीआयटी आणि टॅली मुख्य, सुट्टीत मुलांसाठी थोडं प्रोग्रामिंग. वीसच्या आसपास मशीन, अर्ध्यांवर विंडोज, अर्ध्यांवर लिनक्स मिंट, आणि सगळ्यांना मिळून बाहेर जायला एकच फायबर लाइन. ही लाइन बरी असते तेव्हा बरी असते, पण पावसात घाटात दरड आली किंवा हायवेच्या कामात कुणाच्या जेसीबीचा दात केबलला लागला की अख्खा तालुका बसून राहतो आणि मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढायचा. म्हणून लाइन आणि लॅबच्या मध्ये एक फायरवॉल ठेवलाय, त्यावर आयपीफायर, म्हणजे फायरवॉलसाठीची लिनक्सवर चालणारी सिस्टिम, आहे आणि त्यातला वेब प्रॉक्सी चालू आहे. हा प्रॉक्सी मधला माणूस: सगळ्या मशीनसाठी बाहेरून पानं-फाइली आणतो आणि त्यांची प्रत स्वतःकडे साठवतो, त्या साठ्याला कॅश म्हणतात. आज त्याबद्दल नीट लिहायचं ठरवलंय, कारण किनाऱ्यावरचे चार-पाच ओळखीचे लोक, कुणाचं निवास-न्याहारी, कुणाची शाळेची लॅब, हेच वापरतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की मेमरी भरली, आता काय.

आधी माझं मत सांगून टाकते. आयपीफायर उत्तम आहे, फुकट आहे, जुन्या डेस्कटॉपवर चालतं, आणि मेमरीचे आकडे ते अगदी खरे दाखवतं. पण प्रॉक्सीच्या पानावर कॅशचे जे रकाने आहेत ना, त्यातला कुठला रकाना रॅम खातो आणि कुठला डिस्क, आणि डिस्कवाला रकाना वाढवला तरी रॅम का जाते, हे तिथे लिहिलेलं नाही. तेवढं समजून घेतलंत तर ४ जीबीच्या मशीनवर वीस-पंचवीस जणांची लॅब आरामात चालते. नाही समजून घेतलंत तर १६ जीबी लावूनही ग्राफ भरलेलाच दिसणार आहे.

तो ग्राफ आधी घेऊ. स्टेटसच्या मेनूत मेमरी म्हणून पान आहे, त्यात वापरलेली, बफर, कॅश आणि मोकळी असे रंगांचे पट्टे असतात. मशीन चालू केल्यावर पहिल्या दिवशी मोकळ्या मेमरीचा पट्टा मोठा दिसतो, मग तो बारीक होत जातो आणि आठवड्याभरात जवळजवळ दिसेनासा होतो. इथेच लोक घाबरतात. तारकर्लीला निवास-न्याहारी चालवणारा आमचा एक मित्र, ऐन मे महिन्याच्या सीझनमध्ये त्याचा फोन, "ताई, रॅम सगळी भरली गो, नवी घेवची लागतली काय?" आणि दुकानदाराने तोपर्यंत त्याला किंमतही सांगितलेली होती. मी त्याला म्हटलं आधी 'फ्री' कमांड मारून शेवटचा रकाना वाच. त्या रकान्याला अव्हेलेबल म्हणतात, आणि महत्त्वाचा आकडा तोच. लिनक्स डिस्कवरून जे वाचतं-लिहितं त्याची प्रत रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतं, परत लागलं तर पटकन मिळावं म्हणून, आणि एखाद्या प्रोग्रामने मेमरी मागितली की त्यातला न बदललेला भाग तिथल्या तिथे सोडून देतं. म्हणजे कॅश नावाचा पट्टा बराचसा मोकळाच धरायचा. अव्हेलेबल हा अंदाज कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच काढतं, ३.१४ आवृत्तीपासून म्हणजे २०१४ पासून, त्यामुळे आपण बेरजा-वजाबाक्या करत बसायची गरज नाही. मित्राचा अव्हेलेबल निम्म्याहून जास्त होता. रॅम घेतली नाही त्याने.

इंटरनेटवर काही जण सांगतात की रोज रात्री ड्रॉप कॅशेसची, म्हणजे रॅममधली कॅश रिकामी करायची, कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) टाका म्हणजे मेमरी साफ होते. कृपा करून हे करू नका. त्याने ग्राफ तेवढा रिकामा दिसतो, आणि सकाळी सगळं पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं. कर्नेलच्या कागदपत्रांतसुद्धा लिहिलंय की ही सोय मेमरी आटोक्यात ठेवायला नाही, तपासणी-चाचणीसाठी आहे.

चिंता कधी करायची? अव्हेलेबल सतत खाली खाली जात असेल आणि त्याच वेळी स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) वाढत असेल तर. आणि लॉगमध्ये आउट ऑफ मेमरी म्हणून कर्नेलने एखादी प्रोसेस मारल्याची ओळ दिसली तर नक्कीच. एवढं सोडून बाकी ग्राफ कितीही भरलेला असो, तो बघून खर्च करू नये.

आता प्रॉक्सी. आयपीफायरच्या आत प्रॉक्सीचं काम स्क्विड करतं. स्क्विड जुनं सॉफ्टवेअर आहे, १९९६ पासूनचं, हार्वेस्ट नावाच्या प्रकल्पातून निघालेलं, आणि त्याची मेमरीची गणितं त्या काळापासून तशीच समजावून घ्यावी लागतात. पानावर मेमरी कॅश साइझ असा एक रकाना आहे, हा स्क्विडच्या भाषेत कॅश मेम. मूळ स्क्विडमध्ये याचं ठरलेलं मूल्य २५६ एमबी. सगळ्यात मोठा गैरसमज ह्याच आकड्याबद्दल आहे. लोकांना वाटतं २५६ टाकलं म्हणजे स्क्विड २५६ एमबीच्या वर जाणार नाही. तसं नाहीये. हा आकडा फक्त वेबवरून आलेल्या वस्तू (पानं, चित्रं, फाइली) रॅममध्ये ठेवायच्या जागेचा आहे, म्हणजे आत्ता येत असलेल्या, वारंवार मागितल्या जाणाऱ्या, आणि 'हे पान सापडलं नाही' अशी उत्तरं. त्याच्या बाहेर कनेक्शनचे बफर वेगळे, स्वतः प्रोग्राम वेगळा, साइटच्या नावांचे पत्ते लक्षात ठेवणारी नावांची कॅश (डीएनएस) वेगळी, आणि डिस्क कॅशची सूची तर फारच वेगळी. प्रोसेसचा एकूण आकडा कॅश मेमच्या दुप्पट-तिप्पट दिसला तर बिघाड समजायचा नाही.

सूचीचं नीट सांगते कारण पैसे तिथे वाया जातात. डिस्कवर किती कॅश ठेवायची हा दुसरा रकाना. पाचशे जीबीची डिस्क पडून आहे म्हणून लोक तिथे १०० जीबी टाकतात, डिस्क फुकटच आहे असं धरून. पण वखारीत आंब्याच्या पेट्या वाढल्या की कुठली पेटी कुठे हे लिहिलेली वही जाड होत जाते, आणि ही वही स्क्विड कायम रॅममध्ये उघडून बसलेलं असतं. स्क्विडवाल्यांचाच ढोबळ हिशोब आहे, ६४ बिट मशीनवर डिस्क कॅशच्या प्रत्येक जीबीमागे साधारण १४ एमबी रॅम, ३२ बिटवर १०. (आयपीफायर आता ६४ बिटवरच चालतं, त्यामुळे १४ च धरा.) म्हणजे १० जीबीला १४० एमबी, ५० जीबीला ७०० एमबी, आणि १०० जीबीला १.४ जीबी रॅम नुसती वहीला गेली, अजून एक पानही सर्व्ह केलेलं नाही. ४ जीबीच्या मशीनवर हे परवडत नाही. हा हिशोब वस्तू सरासरी १३ केबीच्या आहेत असं धरून आहे, तुमच्या कॅशमध्ये मोठ्या फाइली जास्त असतील तर नोंदी कमी होतात आणि सूचीही लहान राहते, पण प्लॅन करताना वरचाच आकडा घ्यावा.

आणखी एक. स्क्विड एकदा घेतलेली मेमरी लगेच सिस्टिमला परत देत नाही, स्वतःच्या पूलमध्ये ठेवतं, पुढच्या रिक्वेस्टला वापरायला. त्यामुळे संध्याकाळी लॅब बंद झाली, मुलं घरी गेली, तरी प्रोसेसचा आकडा खाली येत नाही. तो तसाच असतो. रोज रीस्टार्ट केलात तर आकडा खाली येतो खरा पण सोबत रॅममधल्या वारंवार लागणाऱ्या वस्तूही जातात आणि दुसऱ्या दिवशी पहिली बॅच रिकाम्या कॅशवर सुरू होते.

डिस्क कॅश ९० टक्क्यांवर गेली की स्क्विड जुन्या वस्तू काढायला लागतं आणि ९५ जवळ आली की जोरात काढतं, हे त्याचे ठरलेले आकडे आहेत. म्हणजे कॅश ९० टक्के भरलेली दिसणं हे रोजचं चित्र आहे, ती मुद्दाम रिकामी करत बसायचं नाही. पार्टिशनवर मात्र जागा मोकळी सोडा, सगळं पार्टिशन कॅशला देऊ नका, ८० टक्क्यांच्या आत ठेवलेलं बरं.

मग आता खरा प्रश्न, ही कॅश उपयोगाची आहे का? इथे मी स्पष्ट बोलणार. पूर्वी, साइट साध्या एचटीटीपीवर असायच्या तेव्हा, प्रॉक्सीने लाइनचं ओझं दिसण्याइतकं हलकं व्हायचं. आता जवळजवळ सगळं एचटीटीपीएस, म्हणजे कुलूप लावून (एन्क्रिप्ट होऊन) जाणारं. एचटीटीपीएस साइटसाठी ब्राउझर प्रॉक्सीला सांगतो की मला तिकडे बोगदा करून दे, आणि मग त्या बोगद्यातून काय गेलं ते स्क्विडला दिसत नाही, दिसत नाही म्हणून साठवताही येत नाही. लॉग उघडून बघा, ओळीमागून ओळी टीसीपी टनेलच्या. यूट्यूबचे व्हिडिओ कॅश होतील, लाइन वाचेल, असं कुणी सांगत असेल तर होत नाहीत. शिवाय क्रोम बऱ्याचदा यूडीपी ४४३ वरून क्विक नावाच्या प्रोटोकॉलने जातो, ट्रान्सपरंट प्रॉक्सी (ब्राउझरला न सांगता मध्येच बसणारा) त्याला हातही लावत नाही. बोगदा फोडून आत बघायचे प्रकार असतात, त्यासाठी प्रत्येक मशीनवर आपलं सर्टिफिकेट घालावं लागतं. आयपीफायरच्या पानावर ती सोय नाही आणि मला ते पटतं. आमच्याकडे मुलं स्कॉलरशिपचे फॉर्म भरतात, बायका बचत गटाचं खातं बघतात, त्यांच्या पासवर्डच्या मध्ये मी माझा डबा घालणार नाही.

पण म्हणून कॅश बंदही करणार नाही. आमच्याकडे तिचा फायदा एका जागी घसघशीत आहे, तो म्हणजे लिनक्सचे अपडेट. मिंट आणि त्याच्या खालच्या उबुंटूचे पॅकेज सर्व्हर आजही साध्या एचटीटीपीवर असतात, कारण पॅकेजवर सही असते आणि मशीन ती तपासून घेतं, त्यामुळे मधल्या कॅशमधून आलेली फाइल कुणी बदललेली असेल तर ती इन्स्टॉलच होत नाही. दहा मशीनना तीच फायरफॉक्सची फाइल, तेच लिबर ऑफिसचे तुकडे, तोच कर्नेल. पहिल्या मशीनने बाहेरून आणलं की बाकीच्यांना घरातून मिळतं. शनिवारी संध्याकाळी आम्ही अपडेट लावतो, पहिलं मशीन वेळ घेतं, बाकीची भराभर होतात आणि लाइनचा ग्राफ सपाट राहतो. हॉटस्पॉटवर असलेल्या दिवसांत तर ह्याची किंमत कळते.

पण हे आपोआप होत नाही, आणि इथेच आयपीफायरच्या पानावर माझी खरी तक्रार आहे. वस्तूचा कमाल आकार असा एक रकाना आहे, तो मुळात ४०९६ केबी, म्हणजे ४ एमबी. फायरफॉक्सचं पॅकेज त्याच्या कितीतरी पट मोठं. म्हणजे तुम्ही डिस्कवर २० जीबी जागा दिली तरी जी फाइल साठवायला हवी तीच साठवली जात नाही, लहान लहान आयकॉन साठत राहतात, आणि तुम्हाला वाटतं कॅशचा काही उपयोग नाही. हा रकाना केबीमध्ये आहे हे लक्षात ठेवून आमच्याकडे ३०७२००, म्हणजे ३०० एमबी, ठेवलाय. रॅममध्ये ठेवायच्या वस्तूची मर्यादा वेगळी असते, स्क्विडमध्ये मुळात ५१२ केबी, ती तशीच असू दे, ती वाढवलीत तर दोन-चार मोठ्या फाइली सगळी कॅश मेम अडवून बसतात. शेजारी काय काढायचं याचं धोरण निवडायची यादी आहे, मूळ एलआरयू, म्हणजे सगळ्यात जास्त दिवस न लागलेली वस्तू आधी काढायची. मोठ्या फाइली वाचवायच्या असतील तर डिस्कसाठी हीप एलएफयूडीए घ्या, ते लोकप्रिय वस्तू लहान की मोठी न बघता ठेवतं, त्यामुळे बाइट जास्त वाचतात. जीडीएसएफ लहान वस्तूंना झुकतं माप देतं, रॅमसाठी ते चांगलं.

अजून एक गोष्ट जी कुठल्याही सेटिंगमध्ये नाही. सगळ्या मिंट मशीनवर मिरर (पॅकेजांची तीच प्रत ठेवणारा सर्व्हर) एकच निवडा, आणि एचटीटीपीवालाच निवडा. एकाने मुंबईचा मिरर घेतला, दुसऱ्याने दुसरा कुठला, की पत्ता वेगळा, म्हणजे स्क्विडच्या दृष्टीने फाइलही वेगळी, तीच वस्तू दोनदा येणार आणि दोनदा साठणार. आणि उबुंटू वापरत असाल तर तिथे फायरफॉक्स स्नॅपमधून (उबुंटूच्या वेगळ्या पॅकेज पद्धतीतून) येतो, स्नॅप एचटीटीपीएसवरून, तो कॅशमध्ये येणार नाही. मिंटमध्ये साधं पॅकेज आहे, आमच्या लॅबसाठी मिंट निवडायला हे एक कारण झालं.

विंडोजच्या बाबतीत प्रॉक्सीवर अवलंबून राहू नका. विंडोजचे अपडेट फाइलचे तुकडे तुकडे मागवतात, आणि स्क्विड असे अर्धवट तुकडे साठवत नाही. तुकडा मागितला की अख्खी फाइलच आण असं सांगायची सेटिंग आहे, पण मग एखाद्या मशीनने लहानसा तुकडा मागितला तरी शेकडो एमबीची फाइल लाइनवर येते, आमच्या लाइनला ते झेपणारं नाही. त्यापेक्षा विंडोजमध्येच डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे, एकाच नेटवर्कमधली मशीनं एकमेकांना अपडेट देतात, ते चालू ठेवा आणि लॅबच्या आत त्याचा ७६८० पोर्ट कुठे अडत नाही ना एवढं बघा.

चालतंय की नाही हे कसं बघायचं? प्रॉक्सीच्या पानावर कॅश मॅनेजर चालू करायची खूण तुमच्या आवृत्तीत असेल तर ती करा. त्यातलं इन्फो पान मला सगळ्यात आवडतं. हिट (कॅशमधूनच भागलेली मागणी) किती टक्के रिक्वेस्टना आणि हिट किती टक्के बाइटना, असे दोन वेगळे आकडे, प्रत्येकी गेल्या ५ मिनिटांचे आणि ६० मिनिटांचे. एरवीच्या दिवशी दोन्ही अगदीच नगण्य असतात, एचटीटीपीएसमुळे, ते बघून निराश होऊ नका. शनिवारी अपडेट चालू असताना बघा, बाइटवाला आकडा केवढा वर जातो. त्याच पानावर साठवलेल्या वस्तूंचा सरासरी आकार मिळतो, तो १३ केबीच्या खूप वर असेल तर समजा सूचीची रॅम वरच्या हिशोबापेक्षा कमी लागतेय. लॉगमध्ये नुसतं टीसीपी हिट म्हणजे डिस्कवरून, टीसीपी मेम हिट म्हणजे रॅममधून, मिस म्हणजे बाहेरून.

रॅम खरोखर कोण खातं ते पण सांगते, कारण बिचाऱ्या स्क्विडला उगाच दोष देतात. आयपीफायरमध्ये घुसखोरी ओळखायला सुरिकाटा आहे, त्यात जितके नियम चालू कराल तितकी मेमरी. सगळ्या याद्यांवर टिक करत सुटू नका, लॅबमध्ये जे चालतच नाही, म्हणजे डेटाबेस सर्व्हर, मेल सर्व्हर, त्यांचे नियम कशाला हवेत. आणि प्रॉक्सीला व्हायरस तपासणी जोडणारं स्क्विडक्लॅमएव्ही आहे, त्याच्या मागे क्लॅमएव्ही आपली सगळी यादी रॅममध्ये घेऊन बसतं, ते एकटंच १ जीबीच्या वर जातं, आणि यादी ताजी होताना जुनी-नवी दोन्ही काही वेळ एकदम रॅममध्ये असतात, म्हणजे तेवढा वेळ दुप्पट. ४ जीबीच्या मशीनवर ते लावूच नये असं माझं ठाम मत आहे, तसंही एचटीटीपीएसच्या बोगद्यात त्याला काही दिसत नाही. रॅम विकत घ्यायचं खरं कारण असेल तर ते हे दोघं.

दुसरं काही का नाही घेतलं हे लोक विचारतात. पीएफसेन्स ही दुसरी फायरवॉल सिस्टिम चांगली आहे, फ्रीबीएसडीवरची, पण ती बनवणाऱ्या नेटगेटने २०२३ मध्ये स्क्विडचं पॅकेज बाद करत असल्याचं सांगितलं, सुरक्षेच्या न भरलेल्या भोकांमुळे. त्यात चूक काही नाही, त्या वर्षी स्क्विडमधल्या बऱ्याच त्रुटी बाहेर आल्या होत्या. पण ह्याचा अर्थ असा की स्क्विड चालवायचं तर अपडेट वेळेवर लावायचेच. आयपीफायरचे कोअर अपडेट नियमित येतात आणि एका बटणावर लागतात. प्रॉक्सी फक्त ग्रीन आणि ब्लू, म्हणजे लॅब आणि वायफाय, एवढ्यावरच ठेवा. प्रॉक्सी नकोच असेल तर त्याशिवायही आयपीफायर घ्यावं असंच मी म्हणेन, डाउनलोडवर वेगमर्यादा आणि नावांची कॅश एवढ्यानेही लॅब हलकी वाटते.

आमचे आकडे हवेत तर, ४ जीबी रॅम, मेमरी कॅश २५६ एमबी, डिस्क कॅश २० जीबी, म्हणजे सूचीला फार तर २८० एमबी, वस्तू ३०० एमबीपर्यंत, सुरिकाटाचे मोजके नियम, क्लॅमएव्ही नाही. अव्हेलेबल दीड जीबीच्या खाली गेलेला मला दिसला नाही, लॅब भरलेली असतानाही.

शेवटचं, आपल्याकडच्या विजेचं. मृगाचा पहिला पाऊस झाला की दिवसातून कितीदा लाइट जाईल याचा नेम नाही. मशीन नीट बंद झालं तर स्क्विड आपली सूची डिस्कवर व्यवस्थित लिहून ठेवतं आणि परत चालू झाल्यावर पटकन वाचतं. धाडकन बंद झालं तर सूची अर्धवट राहते आणि मग चालू झाल्यावर एकेक नोंद तपासत ती पुन्हा बांधावी लागते, तेवढा वेळ डिस्क खडखडत असते आणि पहिल्या बॅचला सगळं जड वाटतं. कॅश जेवढी मोठी तेवढा हा वेळ मोठा, डिस्क कॅश आटोपशीर ठेवायचं हे पण एक कारण. यूपीएस घ्याच, आणि त्याची यूएसबी वायर फायरवॉलला जोडा. यूपीएसवर लक्ष ठेवणारी एपीसीयूपीएसडी आणि नट अशी दोन्ही पॅकेज आयपीफायरच्या यादीत आहेत, बॅटरी उतरायला लागली की मशीन स्वतःच नीट बंद होतं. खारी हवा आहे, दर पावसाळ्याआधी झाकण उघडून रॅमचे आणि नेटवर्क कार्डचे पाय पुसून घ्या, आमच्याकडे रॅमची चूक म्हणून आलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा फक्त तिथली हिरवी बुरशी निघते.